पद्मिनीच्या इंजिनावर कशासाठी खर्च करावा : अक्कलकोट रस्त्यावरील एका गॅरेजचा अनुभव

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी मोटार या शहरात आजही अधूनमधून दिसते. तिचे इंजिन समजून उघडणारे कारागीर मात्र थोडेच उरले आहेत. अक्कलकोट रस्त्यावर, लेथच्या वर्कशॉपांच्या रांगेत, पाटीसुद्धा नसलेल्या एका गॅरेजात मी माझ्या गाडीची ताकद वाढवण्याचे काम करून घेतले.

या गॅरेजचा मोठा गुण म्हणजे तेथे मागितलेली प्रत्येक वस्तू विकली जात नाही. जोड कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवेचे मिश्रण करणारा भाग) आणि तेज कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चौकशी केली असता मिस्त्रींनी प्रथम चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजले. १०८९ सीसीच्या या इंजिनाची मूळ ताकदच सुमारे चाळीस अश्वशक्ती. त्यातली काही ताकद पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजल्याने गेलेली असताना वरून नवे सुटे भाग बसवणे व्यर्थ, असे त्यांनी सरळ सांगितले. शिवाय क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) आधाराची तीनच मेन बेअरिंग असल्यामुळे तेज कॅमशाफ्टने वाढणारे फेरे त्याला फार काळ सोसवत नाहीत, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी आधी नीट थांबली पाहिजे, हा त्यांचा आग्रहही मला पटला.

खरा खर्च झाला तो हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावर. शिसेविरहित पेट्रोलमुळे जुन्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) हळूहळू खचतात, म्हणून एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या सीट बसवल्या, व्हॉल्व्ह घासून घेतले आणि गॅस्केटच्या कडेशी पोर्टमध्ये (वायूच्या मार्गात) आलेली पायरी काढून टाकली. हेडचे फेसिंग (तळ तासणे) मात्र पृष्ठभाग सपाट होण्यापुरतेच केले. जास्त छाटल्यास कॉम्प्रेशन वाढते हे खरे, पण सोलापूरच्या चाळीस अंशांवरील उन्हाळ्यात भरलेली गाडी चढावर नेताना मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकू लागण्याचा धोकाही त्याबरोबर वाढतो. डेल्कोतील (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातील) पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले. त्याने अश्वशक्ती फारशी वाढत नाही, परंतु ठिणगीचे टायमिंग स्थिर राहते आणि पॉइंट झिजून गाडी मंदावण्याची कटकट संपते. पैशाच्या मानाने सर्वांत फायदेशीर बदल माझ्या मते हाच.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हवेच्या मानाने इंधन कमी पडून मिश्रण पातळ पडते, त्यामुळे कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोलचे मुख्य छिद्र) किंचित मोठा केला आणि रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घातले. बोअरच्या पाण्याने क्षार साचलेला रेडिएटरही उघडून साफ करावा लागला.

तुळजापूरच्या घाटात फरक स्पष्ट जाणवतो. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत होणारा चढाचा बराचसा भाग आता तिसऱ्यात पार होतो आणि तापमानाचा काटा जागा सोडत नाही. सपाट रस्त्यावरील कमाल वेग मात्र जवळजवळ तेवढाच आहे. वेगाच्या हौशीने जाणाऱ्याची येथे निराशाच होईल.

उणिवाही आहेत. खर्चाचा लेखी अंदाज मिळत नाही, लेथचे काम बाहेर जात असल्याने सांगितलेली तारीख पाळली जात नाही, आणि काढलेले जुने भाग मागितल्याशिवाय परत दिले जात नाहीत. काम सोपवतानाच हे तिन्ही मुद्दे मिस्त्रींशी बोलून कागदावर लिहून घ्यावेत.