द्राक्षासाठी कुठलं एआय भरवशाचं, हे तपासायची आमची पद्धत : एक सीझन वापरून झाल्यावर

आमच्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांच्या गटात आता जो तो मोबाईलवर एआयला औषध विचारतो, म्हणून कुठल्या अ‍ॅपवर विसंबायचं हे ठरवायला आम्ही स्वतःचीच प्रश्नपत्रिका काढली आणि गोडी छाटणीपासून (फळासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) माल निघेपर्यंत ती वापरली. मला ती मनापासून पटलीये.

एआय कंपन्या आपल्या मॉडेलचे जे मार्क दाखवतात त्यावर जाऊ नका. एमएमएलयू म्हणून एआय मॉडेलांची २०२० ची गाजलेली परीक्षा आहे, ५७ विषय, चार पर्यायांतून एक निवडायचा. प्रश्न नेटवर उघडे पडलेत, म्हणजे मॉडेलने ट्रेनिंगमध्येच बघितलेले असू शकतात, आणि पेपर फुटलेल्या वर्गात पहिला आलेल्याचं काय कौतुक करायचं? शिवाय बागायतदार पर्याय देत नाही, तो विचारतो "मण्यात पाणी उतरतंय, भुरी दिसतीये, काय मारू" (भुरी म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखा बुरशीचा रोग). म्हणून आम्ही गटात आलेलेच मेसेज घेतले, चुका दुरुस्त न करता, आणि बरोबर उत्तरं मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या औषधांच्या यादीवरून आधीच लिहून ठेवली. हा संच नेटवर कुठेही टाकायचा नाही, हा नियम.

तपासताना अ‍ॅपचं नाव काढून टाकायचं, क्रम उलटसुलट करायचा आणि दोघांनी वेगवेगळं बसून मार्क द्यायचे. खरी मजा इथेच आहे. त्या भुरीच्या प्रश्नाला एका अ‍ॅपने औषध, डोस सगळं नीट सांगितलं, पण फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही त्यावर एक शब्द नाही. एक तपासणारा म्हणे बरोबर, दुसरा म्हणे शून्य. बराच वाद झाला आणि नियम ठरला की पीएचआय (म्हणजे फवारणी ते तोडणी हे दिवसांचं अंतर) नसेल तर शून्यच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, ते ज्यांनी भोगलंय त्यांना हे समजवावं लागत नाही. त्या वादापासून घातक चुका आम्ही वेगळ्या मोजतो, सरासरीत मिसळत नाही.

आकड्यांचं पण सांगतो. समजा शंभर प्रश्नांत एका अ‍ॅपचे ८० बरोबर, दुसऱ्याचे ८४, तर लगेच दुसरा भारी म्हणू नका, एवढ्या प्रश्नांवर ८० च्या आसपास साधारण आठ मार्क इकडेतिकडे निव्वळ योगायोगाने होऊ शकतात. त्यापेक्षा ज्या प्रश्नांवर दोघांचा निकाल वेगळा लागला तेवढेच काढून बघा, संख्याशास्त्रातली मॅकनेमारची १९४७ ची चाचणी हेच करते. आणि एकच प्रश्न नवीन चॅट उघडून तीन-चारदा विचारा, उत्तर बदलतं.

तपासायचं काम दुसऱ्या एआयला द्यायचा मोह होतो, पण त्याला लांब उत्तर आणि आधी ठेवलेलं उत्तर जास्त आवडतं, हे २०२३ पासूनच्या अभ्यासांत दिसलंय. आम्ही ते फक्त पहिल्या चाळणीला वापरतो.

वेळ खूप जातो, ऐन फवारणीच्या दिवसांत तर जमतच नाही. फोटोवरून रोग ओळखायचे प्रश्न अजून कमी आहेत, ते यंदा खरड छाटणीनंतर (माल निघाल्यावरची एप्रिलच्या सुमाराची छाटणी) वाढवणार. कुणाकडे पानाच्या मागच्या बाजूचे केवडा रोगाचे स्पष्ट फोटो असतील तर कळवा, पण तारीख आणि छाटणीनंतरचा दिवस लिहिलेला पाहिजे.