ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील दाता बंदीछोड साहिब गुरुद्वारा

किल्ला पाहायला आलेली मंडळी मानमंदिर, सासबहूची देवळे आणि तेली का मंदिर पाहून झाल्यावर, वाटेवरच आहे म्हणून दाता बंदीछोड साहिब गुरुद्वाऱ्यात जातात, डोके टेकवून कडाह प्रसाद (शिऱ्यासारखा गोड प्रसाद) घेतात आणि उरवाई दरवाज्याने खाली उतरतात. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतही पाहुण्यांना बहुधा असेच फिरवून आणले जाते. माझ्या मते त्यामुळे येथील सर्वांत मोलाची गोष्ट राहून जाते, ती म्हणजे दरबारात, ग्रंथ साहिबासमोर, बसून गुरुबाणी, म्हणजे त्या ग्रंथातील पदे, ऐकणे.

शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांना जहांगीर बादशहाने याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. सुटकेचा हुकूम आला तेव्हा सोबतच्या राजबंद्यांना मागे ठेवून जाण्यास त्यांनी नकार दिला; त्यावर, जितके राजे त्यांचे वस्त्र धरून बाहेर पडतील तितके सुटतील अशी अट पडली, म्हणून गुरूंनी ५२ कळ्यांचा (धरता येतील अशा पट्ट्यांचा) चोला, म्हणजे झगा, शिवून घेतला आणि ५२ राजांना आपल्यासोबत बाहेर काढले, असे शीख परंपरा सांगते. गुरुद्वाऱ्याचे नाव याच प्रसंगावरून पडले आहे, आणि दिवाळीला शीख समाज बंदीछोड दिवस पाळतो तोही याच सुटकेच्या स्मरणार्थ.

ज्या गुरूंचे हे स्थान, त्यांची स्वतःची एकही रचना गुरू ग्रंथ साहिब या शिखांच्या धर्मग्रंथात नाही. पहिले पाच आणि नववे अशा सहा गुरूंची बाणी त्यात आहे, आणि तिच्यासोबत कबीर, रविदास, शेख फरीद यांच्यासारख्या संतांची आणि आपल्या नामदेवांची पदे आहेत. नामदेवांची ६१ पदे तेथे आहेत, हे आपल्याकडे पुष्कळांना ऐकून माहीत असते. ती एका ठिकाणी मात्र नाहीत. १४३० पृष्ठांच्या या ग्रंथाचा फार मोठा भाग ३१ रागांनुसार लावलेला असून, बहुतेक रागांत आधी गुरूंची बाणी आणि शेवटी संतांची पदे असा क्रम आहे, त्यामुळे नामदेव तेथे रागारागांतून भेटत राहतात. तानसेनाची समाधी ज्या गावात आहे तेथील श्रोत्याला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीने रागी (गुरुद्वाऱ्यातील गायक) शबद, म्हणजे ग्रंथातील पदे, गाऊ लागले की पंजाबी न येणाऱ्यालाही ओळखीचे शब्द एकेक करून सापडू लागतात, कारण संतांच्या पदांची भाषा आपल्या कानांना फारशी दूरची नाही. माझ्या आजीच्या पिढीने नामदेवांचे अभंग पाठ केले होते. नामदेवांच्या पंजाबातील आयुष्याची ही बाजू घरातल्या मुलांच्या कानांवर पडावी, असे मला मनापासून वाटते.

जायचे तर सायंकाळ निवडावी. रहिरास साहिब या सायंप्रार्थनेचा पाठ, मग अरदास (उभ्याने करायची सामूहिक प्रार्थना) आणि हुकमनामा (ग्रंथ उघडून वाचलेले पद), आणि रात्री सोहिला ही निजण्याआधीची प्रार्थना म्हटल्यावर ग्रंथ साहिबाचे सुखासन, म्हणजे ग्रंथ मिटून विश्रांतीसाठी ठेवणे, हा नित्यक्रम कोणत्याही गुरुद्वाऱ्यात समजून घेण्यासारखा असतो. अरदासीच्या वेळी सर्व जण हात जोडून उभे राहतात, नवख्यानेही उभे राहावे. डोके झाकलेले हवे, पादत्राणे बाहेर ठेवून पाय धुवून आत जावे, आणि बसताना पाय ग्रंथ साहिबाकडे पसरू नयेत.

लंगरात, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या सामुदायिक जेवणात, सर्वांना एकाच पंगतीत जमिनीवर बसवून वाढले जाते. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यावी आणि ताटात काही टाकू नये. जेवणाचे पैसे कोणी मागत नाही. ज्याला काही करावेसे वाटेल त्याने भांडी घासायला बसावे, त्यासाठी शीख असावे लागत नाही. शाळकरी मुलांना किल्ल्यावर नेणाऱ्या शिक्षकांनी सहलीत या सेवेसाठी अवश्य वेळ राखावा.

गाडीने यायचे असल्यास उरवाईचा रस्ता धरावा. किल्ला गेटकडील चढ पायीच चढावा लागतो, आणि वृद्धांना तो झेपणारा नाही.