रीपर, एक माईक आणि बाबांची पेटी: आठ महिने वापरल्यावर

गणपती झाल्या झाल्या सुरू केलं होतं, आता मे उजाडला, म्हणजे धरून चाला आठ महिने. मी काही म्युझिकवाला नाही, ऑफिस सुटल्यावर रात्री दीड-दोन तास, तेही रोज नाही. बाबा पेटीवर अभंग म्हणतात ते नीट रेकॉर्ड करायचे आणि खाली आपलं थोडं काहीतरी वाजवायचं, एवढीच हौस. सामान म्हणजे जुना विंडोजचा लॅपटॉप, सेकंडहँड एका माईकचा इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), २५ कीजचा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवायचा), हेडफोन आणि रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर रीपर.

आधी रीपरचं सांगतो. इन्स्टॉलर एखाद्या लग्नाच्या व्हॉट्सॲप व्हिडिओएवढा, मला वाटलं डाउनलोड अर्धवटच झालं. विनॅम्प हा जुना गाणी वाजवायचा प्लेअर ज्याने बनवलं त्या जस्टिन फ्रँकेलचंच हे, आमच्या वयाच्या लोकांना एवढी ओळख पुरे. ६० दिवस सगळं चालू, काहीही लॉक नाही, मग घरगुती लायसन्स ६० डॉलर. माझे ६० दिवस दिवाळीच्या तोंडावर संपले, बोनस आलेला होता, भरून टाकले. पण आत वाद्यं जवळपास नाहीतच हे आधी कळायला हवं होतं. ईक्यू (खर्ज-तार कमीजास्त करायला), कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरायला), रिव्हर्ब (घुमारा द्यायला) सगळं आहे आणि चांगलं आहे, पियानो नाहीतर ड्रम पाहिजे तर बाहेरून आणा. इथेच माझी वाट लागली. व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारी सॉफ्टवेअर वाद्यं, घेतले, दोन्ही फुकट आणि खरंच भारी, मग फुकटच आहे म्हणून अजून तीस-चाळीस गोष्टी भरल्या आणि डिसेंबरपर्यंत एकही गाणं पूर्ण नाही, नुसते आठ-आठ बारचे लूप, म्हणजे तेच ते फिरणारे छोटे तुकडे.

माईक मी कंडेन्सर घेतला, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा, कारण व्हिडिओत सगळ्यांकडे तोच असतो. त्याला वीज देणारं इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबलं आणि हेडफोनमध्ये पंखा, फ्रिज, शेजारच्यांचा कुकर, खालचा भंगारवाला, सगळे एकदम स्टुडिओ क्वालिटीत. शेवटी मित्राचा एसएम ५८ हा स्टेजवर गायचा साधा डायनॅमिक माईक आणला, गेन (माईकचा आवाज वाढवायचं बटण) बराच चढवावा लागतो पण तोंडाजवळ धरला की भंगारवाला गायब. पेटीला मात्र कंडेन्सरच बरा, रात्री अकरानंतर, भिंतीला दोन गोधड्या लावून. भात्याच्या बाजूला ठेवला तर नुसती फुसफुस येते, वरून हातभर उंचीवर धरला तेव्हा कुठे जमलं.

लेटन्सीने, म्हणजे आवाज यायला लागणाऱ्या उशिराने, पहिले पंधरा दिवस छळलं, आपलाच आवाज आपल्याला मागून येतो आणि गाणारा गांगरतो. ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० नमुने) बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी गोळा करतो तो नमुन्यांचा गठ्ठा, १०२४ असेल तर एकट्या बफरचेच २३ मिलिसेकंद होतात, २५६ केला की सहाच्या आत. रेकॉर्डिंगला कमी, मिक्सिंगला परत जास्त, नाहीतर जुना लॅपटॉप कडकड करायला लागतो.

आता खरी गंमत. बाबांची पट्टी काळी दोन, म्हणजे डी शार्प. मी व्हायटलवर त्याच सुराचा पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारा मऊ सूर, धरला आणि दोन्ही एकमेकांशी भांडायला लागले, मी अर्धी रात्र रिव्हर्बला शिव्या देतोय. मग ट्यूनर लावून बघितलं तर पेटीच १८ सेंट वर. काळी दोनपासून लगेच पुढच्या पांढरी तीनपर्यंत १०० सेंट असतात, त्यातले १८ म्हणजे कानाला चांगलेच टोचतात. पेटीला हात लावायची घरात कुणाची टाप नाही, म्हणून सिंथच्या फाईन ट्यूनमध्ये १८ वाढवले आणि पॅड पेटीखाली जाऊन गुपचूप बसला.

दुसरा घोळ रूपकचा. एक अभंग बाबा रूपकात म्हणतात, सात मात्रा, तीन-दोन-दोन. मी रीपरच्या मेट्रोनोमला ७/४ (सात मात्रांचं आवर्तन) लावून टकटक क्लिक दिला तर बाबा दोन आवर्तनांत थांबले, म्हणाले, "पहिल्या मात्रेवर काय हातोडा मारतंय रे हे?" बरोबरच होतं, रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, 'खाली' (टाळी नसलेली, बिनजोराची मात्रा) असते. मेट्रोनोमचा पॅटर्न बदलता येतो हे तेव्हा शोधलं, जोर चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर दिला, मग गडी खूश. सॅम्पलवाल्या (आधीच रेकॉर्ड केलेल्या बोलांच्या) तबल्याचं म्हणाल तर प्रत्येक 'ना' एकसारखा वाजला की टाइपरायटर वाटतो, व्हेलॉसिटी (किती जोरात वाजवलं त्याचा आकडा) १२७ पर्यंत असते ती एकेक बोल धरून खालीवर करत बसलो. डग्ग्याची घुमक तरीही येत नाही, तिथे तबलजीच पाहिजे.

तक्रारी. मिडी कीबोर्डची एक की चौथ्या महिन्यात मेली, सर्व्हिसवाल्यांनी तीन आठवडे फिरवलं, ब्रँडचं नाव घेत नाही. आणि माझा स्वतःचा गाढवपणा म्हणजे डेस्कटॉप साफ करताना ऑडिओ फायली उडवल्या, प्रोजेक्ट उघडला तर सगळे ट्रॅक रिकामे. आता सेव्ह करतानाच सगळा ऑडिओ प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचा पर्याय टिक करतो.

आतापर्यंत पूर्ण झालेले अभंग दोन. पहिला हेडफोनवर मस्त वाटत होता, फोनवर लावला तर डग्गा गायबच, छोट्या स्पीकरला तो खर्ज झेपतच नाही. डग्ग्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाजात वरचे सूर मिसळणारा इफेक्ट) टाकलं, मग फोनवरही लागायला लागला. दुसरा परवा रात्री बाबांना ऐकवला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "तुझं ते मागचं घूं घूं जरा जास्त झालंय." पॅडचा आवाज तीन डीबीने (डेसिबलने) खाली घेतला. खरंच जास्त होता.