जुन्या डेस्कटॉपवर व्हिडिओ : आठ महिने वापरल्यानंतर

दुकानदाराने डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही. "अकरा वर्षं झाली? पात्रांव, आता नवा घ्या," म्हणाला आणि कोटेशन लिहायला बसला. मी डेस्कटॉप परत स्कूटरच्या फूटबोर्डवर ठेवून फोंड्याहून घरी आणला. त्याला आठ महिने झाले. नवा घेतलेला नाही.

मशीन २०१४ साली असेंबल करून घेतलेलं. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३-४१३० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, मध्ये कधीतरी बसवलेला एसएसडी. विंडोज ११ च्या यादीत एखाददुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर बसत नाहीत आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार होता, म्हणून गणेश चवथीच्या आधीच विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टम टाकली. इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या (आवळलेला व्हिडिओ-आवाज उलगडायच्या पद्धती) चौकोनात टिक तेवढी विसरू नका.

टायपिंग, बँक, लाईटचं बिल, सगळं मजेत चालायचं. रडगाणं फक्त व्हिडिओचं. आईने यूट्यूबवर भजन लावलं की पंखा घरघरायला लागायचा, आणि टाळ वाजून गेल्यावर बुवांचे हात हलायचे.

कारण सापडलं ते यूट्यूबच्याच पोटात. चालू व्हिडिओवर राइट क्लिक केलं की तळाशी 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' येतं. त्यात कोडेकच्या ओळीत लिहिलं होतं 'व्हीपी०९', आणि गाळलेल्या फ्रेमचा आकडा पेट्रोल पंपाच्या मीटरसारखा पळत होता. मग टर्मिनलमध्ये 'व्हीएइन्फो' ही आज्ञा दिली. आपल्या चिपला कुठले व्हिडिओ स्वतंत्र सर्किटवर उलगडता येतात त्याची यादी ती देते. माझ्या यादीत एमपीईजी-२, व्हीसी-१ आणि एच.२६४ हे कोडेक होते. व्हीपी९ नव्हतं, इंटेलमध्ये ते पूर्णपणे सातव्या पिढीपासून आलं. म्हणजे एच.२६४ साठी खास बसवलेलं सर्किट आराम करत होतं आणि व्हीपी९ चं सगळं ओझं बिचाऱ्या प्रोसेसरच्या डोक्यावर.

उपाय फायरफॉक्समध्ये. अ‍ॅड्रेस बारमध्ये 'अबाउट:कॉन्फिग' टाकायचं, समोर येणारी धोक्याची सूचना वाचून पुढे जायचं, आणि 'मीडिया.मीडियासोर्स.वेबएम.एनेबल्ड' व 'मीडिया.एव्ही१.एनेबल्ड' या दोन ओळी फॉल्स करायच्या. बस्स. यूट्यूबला व्हीपी९ आणि त्याहून नव्या एव्ही१ कोडेकचे दरवाजे बंद दिसले की ते गुपचूप एच.२६४ पाठवतं. कोडेकच्या ओळीत आता 'एव्हीसी१', म्हणजे एच.२६४ च, येतं, फ्रेम गळायच्या जवळपास थांबल्या, पंखा कधी चालू आहे ते मुद्दाम ऐकावं लागतं. फायरफॉक्स मात्र ११५ किंवा त्यानंतरचा हवा. लिनक्सवर इंटेलसाठी हार्डवेअर डिकोडिंग आपोआप सुरू झालं ते तिथून. बदल्यात १४४० आणि ४के हे पर्याय गायब होतात, कारण यूट्यूब ते एच.२६४ मध्ये देतच नाही. आमचा टीव्ही १०८० चा. मला काय फरक पडतो?

खरा आनंद व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने दिला. ताईच्या लग्नाची २००६ ची टेप स्टुडिओवाल्याने कधीतरी डीव्हीडीवर उतरवून दिली होती. ती लावली की हललेल्या प्रत्येक हाताला फणीचे दात फुटायचे. कॅमेऱ्याने सेकंदाला ५० अर्ध्या चौकटी टिपलेल्या, एकदा विषम ओळी, एकदा सम. त्या एकत्र चिकटवल्या की असंच दिसणार. व्हीएलसी 'ऑटोमॅटिक'वर स्वतःहून ते ओळखतं म्हणतात, पण या फाइलवर तशी खूण नसावी, ओळखत नव्हतं. व्हिडिओच्या मेनूत डीइंटरलेस (या अर्ध्या चौकटी नीट जुळवणं) 'ऑन' आणि मोड 'याडिफ (२एक्स)' केला. अंतरपाट खाली जातो तो क्षण, अक्षतांचा एकेक दाणा, पहिल्यांदा नीट दिसला. ई दाबत राहिलं की एकेक फ्रेम पुढे सरकते; त्यात मागच्या रांगेत डुलक्या काढणारे एक काकासुद्धा सापडले.

रिमोटचीही सोय आहे. प्राधान्यांमध्ये खाली 'ऑल' निवडून मेन इंटरफेसमध्ये 'वेब'ला टिक, लुआमध्ये पासवर्ड, आणि मग घरच्याच वायफायवरून फोनच्या ब्राउझरमध्ये कॉम्प्युटरचा आयपी पत्ता व पुढे कोलन देऊन ८०८०. युजरनेम रिकामं ठेवायचं, इथे मी अर्धा तास घालवला. आई आता स्वयंपाकघरातून पॉज करते. पावसाळ्यात लाईट गेली की राउटर परत येताना कॉम्प्युटरला भलताच पत्ता द्यायचा आणि आईचा रिमोट मरायचा. राउटरमध्ये पत्ता कायमचा राखून ठेवला तेव्हा सुटलो.

गोव्यातल्या घुमट आरतीच्या रेकॉर्डिंगसाठी व्हीएलसीच्या ऑडिओ इफेक्टमधला 'कंप्रेसर' (मोठा आवाज दाबणारा) लावून पाहा. एरवी घुमट आणि शामेळ ही चामड्याची तालवाद्यं कानठळ्या बसवतात आणि गाणाऱ्यांचे शब्द कुठल्या कुठे जातात. कंप्रेसरने दोघांना एका घरात नांदवलं. फार ओढलात तर मात्र घुमटाचा दम जातो, हलक्या हाताने घ्या.

तक्रारी आहेत. टीव्ही बंद करून चालू केला की आवाज एचडीएमआय सोडून परत मॉनिटरच्या जॅकवर जातो, दर वेळी सेटिंगमध्ये जाऊन हाताने बदलावा लागतो. भाच्याच्या फोनवरचे ४के एचईव्हीसी (आणखी एक नवा कोडेक) व्हिडिओ या मशीनला पेलत नाहीत, त्याला काही औषध नाही. त्याच्या आयफोनमध्ये कॅमेरा फॉरमॅट 'मोस्ट कॉम्पॅटिबल' करून ठेवला, आता नवीन व्हिडिओ सुरळीत चालतात, जुने तसेच अडखळतात.

आणि डिस्क. आपल्या इथल्या दमटपणात कपाटातल्या डीव्हीडींवर बुरशीची नक्षी येते. सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसून, वाचल्या त्या लगेच हार्ड डिस्कवर उतरवल्या. गोल गोल पुसू नका, ओरखडा गोल गेला तर डिस्क वाचणं जास्त अवघड होतं. लग्नाच्या दोन डिस्क होत्या. दुसरी, जेवणावळीची, दोन ड्राइव्हमध्ये घालून पाहिली, वाचत नाही. पहिली संपली की आई दर वेळी म्हणते, "आता दुसरी लाव."