दोन आसनी मियाटात ‘व्हॅलेंटाइन वन’ बसवताना

माझ्याकडे माझदाची मियाटा, म्हणजे एमएक्स-५, आहे. कापडी छताची, दोन आसनी आणि जमिनीला टेकलेली. न्यू जर्सीत राहून अशी गाडी बाळगणे फारसे व्यवहारी नव्हे, पण त्या विषयावर घरात पुरेशी चर्चा झालेली असल्यामुळे तो येथे पुन्हा काढत नाही. या गाडीसाठी मी ‘व्हॅलेंटाइन वन’ या रडार डिटेक्टरची, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल देणाऱ्या यंत्राची, दुसरी पिढी, म्हणजे २०२० साली बाजारात आलेले मॉडेल, घेतली आणि वर्षभराहून अधिक काळ वापरल्यानंतर हे लिहीत आहे. यंत्र उत्तम आहे. मात्र ते निवडण्यात मी जेवढे दिवस घालवले, त्याच्या निम्मे दिवस जरी आधीचा डिटेक्टर गाडीत कोठे आणि कसे बसवायचे या विचारात घालवले असते, तर बराच मनस्ताप आणि एक बॅटरी वाचली असती.

अमेरिकेतील पोलिसांच्या रडार गन आज प्रामुख्याने लहरींच्या दोन वारंवारता-पट्ट्यांवर चालतात: २४.१५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ‘के’ आणि ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झमधला ‘केए’. केएमध्येही प्रत्यक्षात ३३.८, ३४.७ आणि ३५.५ हे तीनच आकडे पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्यांपैकी एखादा दिसला तर तो पोलीसच असे बहुधा धरून चालावे. के पट्ट्याची गोष्ट मात्र ‘लांडगा आला रे’सारखी झाली आहे, कारण शेजारच्या लेनमधील वाहनाची सूचना देणारे, असंख्य गाड्यांच्या मागच्या बंपरमध्ये दडलेले रडारही २४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. १०.५२५ गिगाहर्ट्झचा जुना ‘एक्स’ पट्टा आता क्वचितच वापरला जातो; तरीही मी तो बंद केलेला नाही, आणि त्याची किंमत म्हणून दुकानांच्या आपोआप उघडणाऱ्या दारांजवळून जाताना यंत्र अधूनमधून कुरकुरते.

डिटेक्टरची सगळी भिस्त एका साध्या गोष्टीवर आहे. रडार गनला वेग मोजायचा तर तिची लहर गाडीवर आपटून परत यावी लागते, तर डिटेक्टरला ती फक्त जातानाच ऐकू आली तरी पुरते. म्हणून गनने आपल्याला मोजण्याच्या कितीतरी आधी तो तिला ऐकू शकतो. पोलिसाने गन बंद ठेवून गाडी जवळ आल्यावरच क्षणभर चालू केली, तर हा फायदा संपतो, आणि मग आपल्या पुढच्या एखाद्या गाडीवर ती रोखली जाईल तेव्हाच्या सांडलेल्या लहरींवर अवलंबून राहावे लागते. लेझर गनपुढे तर आशाच कमी असते. तिचा झोत हजार फुटांवर जेमतेम तीन फूट रुंद होतो, त्यामुळे डिटेक्टरने लेझर ऐकला, याचा अर्थ बहुतेक वेळा आपला वेग मोजून झालेला असतो.

निवडताना माझ्यापुढे शेवटी दोनच नावे उरली. युनिडेनच्या आर-८ मध्ये पुढचा आणि मागचा असे दोन अँटेना आहेत, दिशा दाखवणारे बाण आहेत आणि जीपीएस यंत्रातच असल्यामुळे रोजच्या रस्त्यावरील एखाद्या दुकानाचा खोटा इशारा ते लक्षात ठेवून पुढे दाबून टाकू शकते. व्हॅलेंटाइनमध्येही अँटेना दोन आणि बाण आहेत. जीपीएस मात्र नाही, त्यासाठी ब्लूटूथने फोन जोडून ॲप चालू ठेवावे लागते. ही उणीव खरीच आहे, आणि ज्याला फोनची लुडबुड नको त्याने सरळ आर-८ घ्यावे. मी व्हॅलेंटाइन घेतले ते त्याच्या चपट्या आकारासाठी आणि एका छोट्या आकड्यासाठी. एकाच वेळी किती स्रोत ऐकू येत आहेत, हे तो आकडा सांगतो. रोजच्या चौकात नेहमी ‘१’ दिसतो आणि एखाद्या सकाळी तेथे ‘२’ दिसला, तर कोणीतरी नवे आले आहे हे बाण पाहण्यापूर्वीच कळते. या यंत्राचे जनक माइक व्हॅलेंटाइन हे १९७८ साली ‘एस्कॉर्ट’ डिटेक्टर आणणाऱ्या सिनसिनाटी मायक्रोवेव्हच्या दोन संस्थापकांपैकी एक. तेथून बाहेर पडून त्यांनी १९९२ मध्ये व्हॅलेंटाइन वन काढले, आणि बाण ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

आता बसवण्याविषयी. याआधीचा माझा डिटेक्टर स्वस्तातला होता आणि काचेला रबरी चकत्यांनी चिकटवलेला होता. जुलैच्या उन्हात छत उघडून गाडी उभी केली की चकत्या मऊ पडत, आणि एकदा भर टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, तो सुटून गिअरच्या दांड्यावर आदळला व सीटखाली गेला. वायर लोंबू नये म्हणून मी एका दुकानात वीजजोडणी करून घेतली होती. त्यांनी ती कायम चालू राहणाऱ्या फ्यूजवरून घेतली, हे मला तीन आठवडे पुण्याला जाऊन परत आल्यावर कळले, तेव्हा गाडीची बॅटरी पार मेलेली होती.

म्हणून या वेळी दुकान टाळले. यंत्र यायच्या आधीच त्याच्या मापाचा पुठ्ठा कापून तो आरशाभोवती वेगवेगळ्या ठिकाणी टेपने लटकवला आणि दोन दिवस तसाच कामावर गेलो. सेडानमध्ये हा उद्योग हास्यास्पद ठरेल, पण या गाडीत समोरची काच बुटकी व तिरपी आहे, आरसा जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येतो, आणि आरशाखाली काही टांगले की उजवीकडच्या वळणाचा नेमका हवा तो तुकडा झाकला जातो. आरशाच्या वर बसवावे तर सनव्हायझर अडतो. अखेर आरशाच्या दांडीला आवळून बसणारा धातूचा ब्रॅकेट घेतला आणि यंत्र आरशाच्या उजव्या खांद्याशी, त्याच्या वरच्या कडेच्या पातळीत आणले. तेथून पुढची काच मोकळी मिळते, मागचा अँटेना दोन सीटांच्या मधून मागच्या छोट्या काचेतून पाहतो, आणि पडदा किंचित तिरका दिसत असला तरी बाण वाचता येतात. फोनमधील पाणसळ यंत्रावर ठेवून ते रस्त्याला समांतर केले, कारण नाक वर किंवा खाली झुकले तर लांबच्या सरळ रस्त्यावर पल्ला घटतो. ज्यांच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा लेप किंवा वर धातुमिश्रित रंगीत पट्टी आहे, त्यांनी ती जागा आधी तपासावी. रडारची लहर काचेतून जाते, धातूतून नाही.

वीज आरशातूनच घेतली. आपोआप मंदावणाऱ्या आरशाला १२ व्होल्टचा पुरवठा असतो आणि गाडी बंद झाली की तो तुटतो. त्याच्या जोडणीत बसणारी छोटी वायर घेतली, ती जेमतेम वीतभर लांबीची आहे आणि दिसतही नाही. आरसा साधा असेल तर फ्यूज पेटीतून वायर आणावी लागते, आणि तेव्हा एक काळजी घ्यावी: अनेक गाड्यांत काचेच्या बाजूच्या खांबात पडद्यासारखी एअरबॅग असते, तिच्या पुढून वायर कधीही नेऊ नये. जोडणी झाल्यावर मी गाडी कुलूपबंद करून, पाच मिनिटे थांबून मल्टिमीटर लावला. शून्य दिसल्याशिवाय झाकण बसवले नाही.

वापरात दोन गोष्टी ठळकपणे जाणवल्या. छत उघडे असताना ताशी ६५ मैलांवर वाऱ्याचा जो गोंगाट होतो, त्यातही याचा आवाज ऐकू येतो. आणि दांडीचा ब्रॅकेट असल्यामुळे खराब रस्त्यावरही पडदा थरथरत नाही. गेल्या उन्हाळ्यात बाबा आले होते, त्यांनी किंमत विचारली. पाचशे डॉलरच्या आसपास म्हटल्यावर ते म्हणाले, “आपल्याकडे समोरचा ट्रकवाला दिवे मारून फुकट सांगतो.”

पेनसिल्व्हेनियात मात्र बाबांचा ट्रकवालाच अधिक उपयोगी पडेल. तेथे रडार वापरण्याचा अधिकार राज्य पोलिसांपुरता आहे; गावोगावचे पोलीस रस्त्यावर आखलेल्या दोन पांढऱ्या रेषांमधले अंतर गाडीने किती वेळात कापले यावरून वेग काढतात. यात लहर कोठेच नसल्यामुळे डिटेक्टर गप्प राहतो. ज्यांचे जाणे-येणे बहुतांशी तेथील छोट्या गावांतून होते, त्यांनी हा खर्च करू नये.

कायद्याचेही पाहावे लागते. खासगी मोटारीत डिटेक्टर ठेवणे बहुतेक राज्यांत चालते, परंतु व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये त्याला बंदी आहे. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात काचेवर वस्तू लटकवण्याचे नियम कडक आहेत, तेथे दांडीचा ब्रॅकेटही आधी तपासून घेतलेला बरा. व्हर्जिनियात यंत्र विजेला जोडलेले नसेल आणि गाडीतील कोणाच्याही हाताशी नसेल तर गुन्हा होत नाही. म्हणून मित्राकडे जाताना मी मेरीलँड हाउस या आय-९५ महामार्गावरील थांब्यावर वायर काढतो, यंत्र ब्रॅकेटमधून सरकवून मोज्यात घालतो आणि डिकीत बॅगेखाली ठेवतो. सगळे मिळून एक मिनिट लागते. मागच्या खेपेला परतताना ते पुन्हा लावायचे विसरलो आणि यंत्र न्यू जर्सीपर्यंत मोज्यातच आले.