बेलआउटला २०/३०, १८/४५ की १५/५५? तिन्ही वापरून झाले, आता लिहितो

रिब्रीदरवाल्यांसाठी (सोडलेला श्वास साफ करून परत वापरायला देणारं डायव्हिंगचं मशीन) लिहितोय, बाकीच्यांना बोअर होईल, आधीच सांगतो. ६० मीटरच्या डाइव्हला बेलआउटमध्ये (मशीन बिघडलं तर श्वास घ्यायला सोबत ठेवलेली वेगळी टाकी) कुठला ट्रायमिक्स (ऑक्सिजन, हेलियम, नायट्रोजनचं मिश्रण) भरायचा यात मी बरेच दिवस कंजूषपणा केला आणि एकदा पाण्याखाली त्याची चांगलीच जिरली, म्हणून हा रिव्ह्यू.

सुरुवात २०/३० ने केली, म्हणजे २० टक्के ऑक्सिजन, ३० टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन. डोक्यात एकच, हेलियम महाग, बेलआउट तर वापरायचाच नाहीये, महिनोन्‌महिने टाकीत पडून राहणार, मग त्यात पैसे कशाला ओता. ६० मीटरला ऑक्सिजनचं प्रेशर १.४ बार येतं म्हणजे डेकोलाही (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणं) बरं, कागदावर एकदम मस्त. ड्रिलमध्ये पण काही जाणवलं नाही, पण ड्रिलमध्ये आपण निवांत लटकत असतो ना, चार श्वास घेतले की परत लूपवर, म्हणजे मशीनच्या गॅसवर.

मग एका डाइव्हला करंटच्या उलट फिन मारत लाइनपर्यंत (वर जायची दोरी) यायला लागलं (चूक माझीच, वेळेत वळलो नाही) आणि दम लागला तो लागलाच, लाइन धरून थांबलो तरी श्वास खाली बसेना. स्क्रबरवर (मशीनमधला कार्बन डायऑक्साइड शोषणारा भाग) शंका आली तसा बीओव्ही (तोंडाजवळचा बेलआउटवर जायचा व्हॉल्व्ह) फिरवला आणि ओपन सर्किटवर, म्हणजे थेट बेलआउटच्या टाकीवर आलो. वाटलं आता हायसं वाटेल, तर कसलं काय, ओल्या फडक्यातून हवा ओढतोय असं झालं, डोकं पण जड. गेजकडे बघितलं तर काटा डोळ्यादेखत सरकतोय. हिशोब नंतर केला, धाप लागलेला माणूस मिनिटाला ४० लिटर सहज ओढतो, ६० मीटरला ७ बार म्हणजे २८० लिटर, ११ लिटरच्या टाकीतून मिनिटाला २५ बार गायब. लाइन धरून हळूहळू वर आलो, ३० मीटरच्या आसपास कुठे श्वास ताब्यात आला.

नंतर कळलं की गडबड गॅसच्या घनतेची होती. २०/३० ची घनता ६० मीटरला लिटरमागे ६.७ ग्रॅमच्या पुढे जाते. शक्यतो ५.२ च्या आत राहा आणि ६.२ तर ओलांडूच नका असं सांगतात. दाट गॅस आतबाहेर करायला कष्ट जास्त, त्यात फुप्फुसातून कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, मग अजून धाप, अजून कष्ट, असं ते चक्र. जानेवारी २००५ मध्ये डेव्ह शॉ हा रिब्रीदर डायव्हर दक्षिण आफ्रिकेत बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या गुहेत २७० मीटरवर मेला तेव्हा हेच झालं होतं, खोलवर मेहनत, दाट गॅस आणि साठत गेलेला कार्बन डायऑक्साइड. आणि माझा शहाणपणा बघा, लूपमध्ये डिल्युएंट (ऑक्सिजन पातळ करायला मशीनमध्ये सोडतात तो गॅस) १५/५५ होतं, म्हणजे धाप लागलेली असताना नेमका मी हलक्या गॅसवरून दाट गॅसवर उडी मारली, वर हेलियमवरून नायट्रोजनवर अशी अचानक बदली झाली की आतल्या कानाला चक्कर येण्याचा धोका असतो तो वेगळाच.

आता १८/४५. ६० ला साधारण ५.६ ग्रॅम, ऑक्सिजन १.२६ बार, खोलवर गॅसची जी नशा चढते तिच्या बाबतीत २८-२९ मीटरला हवेवर असल्यासारखं. चालतं, पण ५.२ च्या वर आहेच. १५/५५ वर ४.८ येते आणि फरक श्वासात खरंच कळतो, हे उगाच नाही म्हणत, मुद्दाम फिन मारून मग बेलआउटवर जाऊन बघितलंय. तोटा एवढाच की ऑक्सिजन १.०५ बार, लूपवर १.३ असतो, त्यामुळे डेको वाढतो. आणि हा गॅस पृष्ठभागावर तोंडात धरायचा नाही, १५ टक्क्यांवर तिथे शुद्ध जाऊ शकते. २१ मीटरला मी ५० टक्के नायट्रॉक्सवर (निम्मा ऑक्सिजन, निम्मा नायट्रोजन) जातो, तिथेही हेलियम एकदम सुटतो म्हणून काही जण मधे एक गॅस ठेवतात, मला आजवर त्रास नाही.

बाकी 'मशीनवरचा तीन लिटरचा डिल्युएंट आहे की बेलआउटला' म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. २०० बारला ६०० लिटर, वरच्या हिशोबाने दोन मिनिटं.

भरून देणाऱ्यांबद्दल पण थोडं. एका ठिकाणी १८/४५ सांगितलं, टाकीवर तसं लेबलही लावून दिलं, मी अ‍ॅनालाइज केलं तर हेलियम ३८. टाकी गरम असतानाच हातात दिली, गार झाल्यावर प्रेशरही उतरलं. विचारलं तर म्हणे 'बेलआउटच आहे ना'. आता लेबल मीच लिहितो, अ‍ॅनालाइज केल्यावर, तारखेसकट.

रेटिंग: २०/३० ला ६० मीटरसाठी दीड स्टार (४५ पर्यंत तीन देईन), १८/४५ ला साडेतीन, १५/५५ ला साडेचार. अर्धा कापला तो डेकोचा.