सीलबंद कॅनमधले बोअरचे पाणी

वाफेच्या इंजिनांची लहान मॉडेले चालवणाऱ्या आणि त्यांच्या बॉयलरसाठी बाजारातून डिस्टिल्ड वॉटर विकत आणणाऱ्या मंडळींसाठी हा अनुभव लिहीत आहे. पुण्याच्या ज्या उपनगरात मी राहतो, तेथे सोसायटीला बोअरचे पाणी येते. गिझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते आणि तूरडाळ शिजता शिजत नाही. असले पाणी तांब्याच्या बॉयलरमध्ये घालायचे नाही, एवढे मला ठाऊक होते. म्हणून कोपऱ्यावरच्या बॅटरीच्या दुकानातून पाच लिटरचे कॅन आणू लागलो. कॅनवर आय.एस. १०६९ हा बॅटरीच्या पाण्याच्या मानकाचा क्रमांक छापलेला होता आणि झाकणाला सील होते. दोन वर्षे मी ते पाणी डोळे मिटून वापरले.

पहिली शंका बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीमुळे आली. बॉयलर चालू असताना नळीतले पाणी सतत थोडेफार हलत असते; त्या दिवशी ते निम्म्यावर येऊन जणू थिजले होते. बर्नर विझवून, सगळे गार झाल्यावर नळी उतरवली, तेव्हा खालच्या जोडाचे भोक पांढऱ्या क्षाराने जवळजवळ बुजलेले दिसले आणि बॉयलरमध्ये पाणी अगदी तळाशी उरले होते. नळी निम्मी भरलेली दिसते आहे आणि बॉयलर मात्र कोरडा पडत चालला आहे, याहून धोक्याची गोष्ट या छंदात क्वचितच असेल. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीवरही तोच थर होता.

एका लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत ते दाखवणारा टीडीएस मीटर घरात होता, पण सीलबंद कॅनमध्ये तो बुडवून पाहावा असे मला कधी सुचले नव्हते. खऱ्या डिस्टिल्ड वॉटरचा आकडा दहाच्या आत यायला हवा. येथे तो ४१२ आला. घरच्या नळाचा आकडा होता ४३०. म्हणजे माझ्याच नळाला येते तसले पाणी मी पैसे मोजून, हाताने उचलून घरी आणत होतो. माझा बॉयलर एका वेळी अर्धा लिटर पाण्याची वाफ करतो आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. या हिशेबाने दर वेळी सुमारे ०.२ ग्रॅम आणि चाळीस वेळांत आठ ग्रॅम क्षार आत आले. त्यातले थोडे गाळ काढताना बाहेर गेले असतील, बाकीचे तांब्याला चिकटले.

दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, “साहेब, बॅटरीला काय कळतंय?” पण लगेच आतून दुसरा कॅन आणून त्याने माझ्यासमोर साबण घोळवून दाखवला. भरपूर फेस आला. शाळेत शिकलेले सुफेन आणि दुष्फेन पाणी आठवून मी क्षणभर फसलोही. मीटर मात्र पुन्हा चारशेच्या वरच थांबला. ते सॉफ्टनरचे पाणी होते. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम घालतो. त्यामुळे थर बसत नाही, पण एकूण क्षार तेवढेच राहतात, बॉयलरमध्ये पाणी फेसाळते आणि वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरते. साबणाची परीक्षा येथे निरुपयोगी आहे.

कॅन नीट पाहिले, तेव्हा सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन कॅनवर बॅच क्रमांक एकच निघाला. सील नवे आणि डबा जुना, असा तो प्रकार होता.

कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून बॉयलरमध्ये भरले, तेव्हा भरणीच्या तोंडाशी कितीतरी वेळ बुडबुडे येत राहिले. अशी तीन आवर्तने केल्यावर बॉयलर धुऊन काढला. त्याचा चालवण्याचा दाब दर चौरस इंचाला ४० पौंड आहे. त्याच्या दीडपट, म्हणजे ६० पौंडांवर पाण्याने दाबचाचणी घेतली आणि मगच पुन्हा आग लावली. आता पहिल्या काही सरी वाहून जाऊ दिल्यावर गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी सुती कापडातून गाळून वापरतो, दर वेळी मीटर लावतो आणि काम झाल्यावर बॉयलर रिकामा करून ठेवतो.

दुकानदाराने शेवटच्या एका कॅनचे पैसे परत दिले. ग्राहक आयोगाकडे जायचे मनात होते, पण दोन वर्षांत मी एकदाही बिल मागितले नव्हते.